नववे पेर

शाळेतले माझे टेबल गेल्या आठवड्यापासून डुगडुगते आहे. शिपायाने एका पायाखाली कागदाची घडी सारली, तेव्हा ते जाग्यावर बसले. तो गेल्यावर मी ती घडी काढून टाकली. लाकडाखाली कागद सारणाऱ्या माणसाचा इनास मेस्त्रींना फार राग येई. "कागूद दबतो मास्तर," ते म्हणत, "आज सरळ, उद्या परत तसाच. पाय खोटा हाय तर पायाला हात लावा." मेस्त्रींना जाऊन आता सहा महिने होत आले. टेबल डुगडुगतेच आहे, आणि त्यावरच हे लिहितो आहे.

बाळकुमच्या खाडीवर त्यांचे होड्या बांधण्याचे काम होते. ख्रिस्ती माणूस, फिरंग्यांच्या काळात बाटलेल्या घराण्यांपैकी एक. उंची बेताची, खांदे रुंद, उजवा पाय थोडा ओढत चालायचे. पूर्वी कधी त्या पायावर फळी पडली होती. डोक्याला लाल रुमाल, अंगात बंडी, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. कोणाच्याही घरी गेले की बसण्याआधी त्यांचा हात दाराच्या चौकटीवरून फिरे. चौकट चांगली असली तर मान हलवीत. वाईट असली तर काहीच बोलत नसत, आणि घरमालकाला ते बोलण्यापेक्षा जास्त लागे.

मी तेव्हा बाळकुमच्या मराठी शाळेत दुसरा मास्तर होतो. मेस्त्रींना अक्षर येत नव्हते. सही म्हणून ते कागदाच्या कोपऱ्यात एक वाकस काढीत. वाकस म्हणजे सुताराचे लाकूड तासायचे आडव्या पात्याचे हत्यार. चार रेघांत ते असा काढीत की दांड्याचा बाक अगदी खरा वाटे. खाली मी लिही, "इनास मेस्त्री, निशाणी वाकस."

आमची ओळख झाली ती त्यांच्या दिवाळ्यामुळे. कल्याणच्या एका तांदळाच्या व्यापाऱ्याने त्यांना दोन मोठे पडाव, म्हणजे माल वाहायच्या होड्या, बांधायला सांगितले होते. पडाव अर्धे होईतो व्यापाऱ्याचा सगळा माल आगगाडीने जाऊ लागला आणि त्याने पडाव घेण्याचे नाकारले. दोन्ही सांगाडे खाडीच्या चिखलात उभे राहिले. लाकूड, खिळे, काथ्या, डांबर, सारे उधारीवर आणलेले. दोघा सावकारांनी हुकूमनामे मिळवले आणि मेस्त्रींना दिवाणी तुरुंगात नेण्याची पाळी आली. तेव्हा कोणी सुचवले की नादारीचा अर्ज करा. जवळ असेल नसेल ते कोर्टाच्या हवाली करायचे, सगळ्या देण्याची यादी द्यायची, की तुरुंग टळतो. तो अर्ज लिहून घ्यायला ते माझ्याकडे आले.

मी विचारले, "देणं कोणाकोणाचं?"

मेस्त्रींनी डावा हात पुढे केला आणि अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर टेकवला. एकेका नावाला अंगठा एकेक पेर वर सरके. तीन बोटे झाली, नऊ पेरे भरली. नववे नाव होते ममदू नाखव्याचे. हा मलबारचा गलबतवाला दर हंगामाला सागवान घेऊन खाडीत येई. एका वर्षी पठाणासाठी, म्हणजे होडीच्या तळाच्या मुख्य तुळईसाठी, त्याने सागाचा एक लांब सरळ सोट मेस्त्रींना दिला. पैसे पुढच्या खेपेला दे म्हणाला. पुढची खेप झालीच नाही. तो पुन्हा कधी आला नाही, कागद नव्हता, साक्षीदार नव्हता.

"मेस्त्री, हे देणं कोणी मागितलेलंच नाही," मी म्हणालो. "कशाला घालता?"

"तुमी हिंदू लोक, तुमाना नाय समजायचं. पाद्रीबाबासमोर कबुलीला बसलो, एक पाप मुद्दाम लपवलं, तर बाकीची सांगितलेली पन माफ नाय होत. समदीच फुकट. लिवा ममदूचं नाव."

त्यांनी तो अर्ज कबुलीसारखा केला. मालमत्तेच्या यादीतही काही सोडले नाही. घर, दोन सांगाडे, होडी, भांडी आणि हत्यारे. वाकस, रंधे, पटाशा, गिरमिटे, मोगरी, सगळी नावे एका दमात सांगितली आणि मी एका दमात लिहिली. कारागिराची हत्यारे कायद्याने जप्त होत नाहीत, हे मला ठाऊक नव्हते. मेस्त्रींना ठाऊक असते तरी त्यांनी लिहायला लावलीच असती, असे मला पुढे वाटू लागले.

जप्तीला आलेल्या कोर्टाच्या नाझराच्या शिपायांनी हत्यारे गोणपाटात बांधून ठाण्याच्या कोर्टकचेरीच्या कोठीत नेऊन ठेवली. महिन्याभराने आम्ही ती परत मागायला गेलो. बापूराव म्हणून कारकून होते; तोंडाने तिखट, मनाने बरे. ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, "जी वस्तू सरकार घेऊ शकत नाही ती तुम्ही आपण होऊन दिलीत. अशी वेळ आमच्यावर कधी आली नव्हती. आता परत करायची तर निराळा अर्ज, निराळा हुकूम."

तो हुकूम व्हायला पुढचा पावसाळा सरला. तोवर मेस्त्री महिन्यातून एकदा खोबरेल तेलाची बाटली घेऊन कोठीच्या दाराशी बसत. शिपाई गोणपाट सोडी. मेस्त्री एकेक पाते पुसून, तेल लावून पुन्हा बांधीत. शिपाई एकदा हसून म्हणाला, "मेस्त्री, जप्तीच्या मालाला असं न्हाऊमाखू घालणारा तुम्हीच पहिले."

"माल तुमचा जाला रे," मेस्त्री म्हणाले, "पन गंज काय तुमाना ओळखीत नाय."

घर गेले, तेव्हा ते आणि त्यांची बायको रुझाबाई देवळामागच्या, म्हणजे त्यांच्या चर्चमागच्या, एका खोलीत राहायला आले. त्याची त्यांनी खंत केली नाही. खंत केली ती एकाच गोष्टीची.

त्यांच्या देवळात सणाच्या मिरवणुका आणि मयतांची व्यवस्था पाहणारा एक संघ आहे. संघाची माणसे मिरवणुकीत लाल अंगरखा घालतात, देवावरच्या छत्राचे खांब तीच धरतात. आणि संघातला कोणी वारला की त्याला तोच अंगरखा घालून मातीत ठेवतात, खांदा संघाचे भाऊ देतात. मेस्त्रींच्या बापाला, आजाला तसेच नेले होते. संघाचा जुना नियम असा की ज्याचे दिवाळे निघाले त्याने मोकळा होईपर्यंत अंगरखा घालायचा नाही. मेस्त्रींना कोणी सांगायला आले नाही. अर्ज दाखल झाला त्या रविवारी त्यांनी आपणच अंगरखा घडी करून पेटीत ठेवला आणि देवळात पुढच्या रांगेऐवजी दाराशी उभे राहू लागले.

नादारीतून पुरती सुटका व्हायची तर बारा वर्षे जावी लागत. मेस्त्रींनी साठी ओलांडली होती. "बारा वरसं हायेत का मास्तर माझ्याकडं?" त्यांनी विचारले. "मना पेटीतून अंगरखा काढायचाय. मिरवनुकीसाठी नाय, माझ्यासाठी."

पण कायद्यात एक सोय होती. यादीतल्या देण्याचा तिसरा हिस्सा फिटला, आणि पैसे गोळा करून सावकारांना वाटायला कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हराने तसा दाखला दिला, तर बारा वर्षे न थांबता मोकळीक मिळे. मेस्त्री त्या दिवसापासून दुसऱ्यांच्या होड्यांवर रोजाने जाऊ लागले. ज्यांनी कधी काळी त्यांच्या हाताखाली काम शिकले, त्यांच्या हाताखाली राबले. रोजातला वाटा रिसीव्हर वकिलाकडे जाई. सहा वर्षांत तिसरा हिस्सा फिटला. मला वाटले, सुटलो. खरी वाट तिथून पुढे होती.

मेस्त्रींचा पाय ओढे, म्हणून बाळकुमहून कचेरीला ते एका नातलगाच्या होडीतून येत. कचेरी चाले घड्याळावर आणि होडी चाले भरतीवर. त्यामुळे ते कधी दोन तास आधी पोचत, कधी तासभर उशिरा. पहिल्याच तारखेला पुकारा झाला तेव्हा ते ओहोटीत चिखलाशी झगडत होते. "अर्जदार गैरहजर" असा शेरा पडला आणि पुढची तारीख मिळाली ती तीन महिन्यांनी. त्यानंतर ते आदल्या भरतीलाच येऊन बसू लागले. कचेरी उघडण्याआधी पायरीवर, उघडल्यावर पडवीतल्या बाकावर.

तो बाक डुगडुगत असे. दुसऱ्या तारखेला मेस्त्रींनी त्याच्या पायाखालची कागदाची घडी काढून फेकली, बंडीच्या खिशातून लाकडाची पाचर काढली आणि पाय ठीक केला. मग दार. ते खाली घासत होते. मग खिडकीची झडप. पुढे बापूरावांनीच त्यांना आत बोलावले. दप्तरखान्यातली मांडणी एका बाजूला झुकली होती. वर्षानुवर्षांच्या प्रकरणांचे गठ्ठे तिच्यावर होते. मेस्त्रींनी दोन तारखांच्या दिवशी खपून तिला नवे आडवे वासे दिले, खुंट्या मारल्या. तिसऱ्या दिवशी तिला खांदा लावून ढकलून पाहिले. ती हलली नाही, तेव्हा त्यांनी मान हलवली.

"मजुरी काय द्यायची?" बापूरावांनी विचारले.

"मजुरी देवाल तर ती पन रिसीव्हराकडं जायल. त्यापरीस माझे कागूद खालच्या फळीवरून वरच्या फळीवर घ्या."

बापूराव मोठ्याने हसले, आणि कागद खरेच वरच्या फळीवर गेले. पण प्रकरण पुढे सरकले नाही. ते अडले होते ममदू नाखव्यापाशी.

मोकळीक देण्याआधी यादीतल्या प्रत्येक सावकाराला नोटीस पोचली पाहिजे, अशी रीत होती. आठांना पोचली. त्यांपैकी दोघे तर मेस्त्रींना बंदरावर भेटून म्हणाले की आमची हरकत नाही. नववी नोटीस निघाली, "ममदू नाखवा, राहणार मलबार" या पत्त्यावर. पाच महिन्यांनी तिकडून उत्तर आले ते तिकडच्या लिपीत. ठाण्यात ती कोणाला वाचता येईना. कागद भाषांतराला मुंबईला गेला. तिथून परत येईतो उन्हाळ्याची सुट्टी लागली. सुट्टी संपल्यावर भाषांतर उघडले. त्यात लिहिले होते की या नावाची माणसे येथे पुष्कळ आहेत, तरी गावाचे नाव कळवावे.

मेस्त्रींना गावाचे नाव माहीत नव्हते. हंगाम सुरू झाल्यावर ते बंदरावर जाऊन प्रत्येक मलबारी गलबताला विचारून आले. एका तांडेलाने सांगितले की असा एक नाखवा होता खरा, तो बुडाला. दुसऱ्याने सांगितले की तो मक्केला गेला. या दोन्ही गोष्टी मी अर्जात लिहिल्या. जज्जसाहेबांनी शेरा मारला की दोन्हींपैकी कोणती खरी, याचा पुरावा द्यावा.

एके दिवशी बापूरावांनी आम्हा दोघांना पडवीच्या टोकाला नेले. "मेस्त्री, ऐका. या ममदूचा कागद नाही, साक्ष नाही. तुम्ही साहेबांपुढे एवढंच म्हणा, की इतक्या वर्षांनी नीट आठवत नाही. नाव यादीतून निघेल. महिन्याभरात तुम्ही मोकळे."

"पन मना आठवतं."

"आठवत असेल हो. म्हणायचं तेवढं."

"सोट कसा होता ते पन आठवतं बापूराव. बुंध्याकडं एक गाठ होती. ममदू बोल्ला, गाठ हाय म्हणून दोन रुपये कमी दे. मी बोल्लो, गाठ आतून घट हाय, कमी कशाला? त्याचा पठाण अजून कुनाच्या तरी होडीत पान्याखाली हाय. आनि मी बोलू आठवत नाय?"

बापूरावांनी चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे पाहिले. जाताना हळूच म्हणाले, "मास्तर, तुमचे मेस्त्री कायद्यापेक्षा कडक आहेत."

त्या वर्षी मेस्त्रींना खोकला धरला. लाकडाचा भुसा छातीत बसला, असे रुझाबाई म्हणत. रोज बंद झाले. नेमके तेव्हाच जुने रिसीव्हर वकील वारले आणि त्यांच्या जागी नवे आले. नव्यांनी सगळी यादी नव्याने, अर्जदाराच्या निशाणीसह मागितली.

इथे जे मी केले ते लिहिल्याशिवाय हे पुरे होणार नाही. ती यादी मी शाळेत बसून केली, आणि तिच्यात आठ नावे लिहिली. बापूरावांशी मी आधी बोललो होतो. नवे वकील जुने कागद उकरणार नाहीत, असे ते म्हणाले. मेस्त्रींना वाचता येत नाही, हे आम्हा दोघांना माहीत होते. ते आम्ही बोलून दाखवले नाही.

ती घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. मेस्त्री भिंतीला टेकून बसले होते. रुझाबाई चुलीशी होत्या. मी दौत उघडली, लेखणी त्यांच्या हातात दिली.

"वाचा आधी," ते म्हणाले.

मी वाचू लागलो. त्यांचा डावा हात मांडीवर उताणा होता. अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर गेला. पहिले नाव, दुसरे नाव. मी शक्य तेवढ्या सावकाश वाचत होतो. आठवे नाव झाले आणि मी थांबलो. अंगठा मधल्या बोटाच्या मधल्या पेरावर थांबला होता.

"मास्तर, एक पेर उरलं."

मी कागदाकडे पाहत राहिलो.

"कुनाचं नाव ऱ्हायलं ते मना माहीत हाय. तुमाना पन माहीत हाय." त्यांनी लेखणी दौतीत ठेवली. आवाज चढला नाही. "बापूरावाना सांगा, त्यांचं उपकार हाय. तुमचं पन हाय. पन लिवा परत."

चुलीशी रुझाबाई एकदम म्हणाल्या, "अगो माझे आये! मास्तरानी तुमच्यासाठीच केलं ना? खोकून खोकून रगत पडतंय, आनि ह्याना ममदू पायजे. ममदू येनार हाय का तुमाना खांदा द्यायला?"

"तो नाय येयाचा, म्हणूनच तर," मेस्त्री म्हणाले. "आठ जन हायेत बोंबलायला. त्याचं कोन हाय माझ्याबिगर?"

रुझाबाई चुलीकडे वळल्या. फुंकणीने विस्तव फुंकू लागल्या. मी तिथेच दुसरा कागद काढला आणि नऊ नावे लिहिली. पुन्हा वाचून दाखवली. अंगठा शेवटच्या पेरावर पोचला तेव्हा त्यांनी लेखणी मागून घेतली. वाकसाच्या दांड्याचा बाक चुकला नाही.

मी निघालो तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, राग धरू नका." राग त्यांनी धरायला हवा होता.

त्या यादीने प्रकरण पुन्हा मलबारच्या रस्त्याला लागले. या वेळी वर्तमानपत्रात नोटीस छापून ती पोचली असे धरावे, असा अर्ज मी केला. त्याची तारीख लागली तेव्हा मेस्त्री येऊ नयेत असे मी सांगून पाहिले. ते आले. आदल्या भरतीला आले. त्यांना मी शेवटचे पाहिले ते तेव्हा. पडवीतल्या त्यांनीच सरळ केलेल्या बाकावर ते बसले होते, लाल रुमाल गळ्याभोवती गुंडाळून. समोर एक शेतकरी आपल्या प्रकरणाची रड सांगत होता, आणि मेस्त्री त्याला समजावत होते की तारखेला गैरहजर राहायचं नाही, भरती बघायची, आणि पुकारा नीट ऐकायचा. साहेब त्या दिवशी दौऱ्यावर गेले होते. तारीख पुढे गेली. शिपायाने विचारले, "काय मेस्त्री, अजून नादारच का?"

"हाय ना. तुमच्या सायबाना माझ्याबिगर करमत नाय."

मी त्यांना बंदरापर्यंत सोडायला गेलो. होडीत पाय टाकताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. बसल्यावर हात होडीच्या काठावरून फिरवला, एका जागी थांबले, बोटाने तिथे दाबून पाहिले. नातलगाला काहीतरी सांगितले. होडी ओहोटीबरोबर वळली, तेव्हाही ते त्या फळीकडेच पाहत होते.

पुढची तारीख यायला अकरा दिवस होते. सातव्या दिवशी ते गेले.

मी पोचलो तेव्हा संघाचे मुकादम दाराशी उभे होते. नियम त्यांना माहीत होता, पण डोळे ओले होते. ते रुझाबाईंना म्हणाले, "चार दिवसांचा तर प्रश्न होता बाय. कोन विचारनार हाय? काढ अंगरखा. आमी खांदा देतो."

रुझाबाईंनी पेटी उघडली. अंगरखा घडीत होता तसा दोन्ही हातांवर घेतला, मग परत पेटीत ठेवून झाकण लावले.

"खांदा द्या," त्या म्हणाल्या. "अंगरखा नको. हिशोब त्यांचा होता. मी कशी चोरी करू?"

मेस्त्रींना पांढऱ्या कापडात मातीत ठेवले. खांदा संघाच्या भावांनी दिला. देवळाच्या आवारात मी एका बाजूला उभा होतो. मला त्यांच्या प्रार्थना येत नव्हत्या.

महिन्याभराने मी कचेरीत गेलो. निदान मोकळीक झाल्याचा कागद रुझाबाईंना नेऊन द्यावा, असे मनात होते. बापूराव म्हणाले, "मयत माणसाच्या अर्जावर हुकूम होत नाही, मास्तर. प्रकरण दप्तरी दाखल झालं." थोड्या वेळाने ते उठले आणि मला दप्तरखान्यात घेऊन गेले. तिथे सगळी प्रकरणे पांढऱ्या मळक्या रुमालांत बांधलेली असतात. वरच्या फळीवर एक गठ्ठा लाल खारव्याच्या नव्या रुमालात होता. बापूरावांना मी देवळाच्या संघाची आणि अंगरख्याची गोष्ट कधीतरी सांगितली होती. त्यांनी गठ्ठा काढून माझ्या हातात दिला नाही. मीही मागितला नाही.

ते बाहेर गेले. मी मांडणीला हात लावला, मग खांदा लावून ढकलून पाहिली. ती हलली नाही.